समुद्र न पाहिलेल्यांनी जहाजावरची रहस्यकादंबरी कशी लिहावी

अजिंठ्याच्या दोन क्रमांकाच्या लेण्यात एक जहाज आहे. तीन डोलकाठ्या, उंच शिडं, ओळीनं मांडलेले घडे. पूर्ण नावाच्या भिक्षूच्या कथेतलं ते जहाज समुद्रात संकटात सापडलंय. सगळ्यात जवळचा समुद्र तिथून सरळ रेषेत मोजला तरी सुमारे तीनशे किलोमीटरवर आहे. छत्रपती संभाजीनगरात विद्यापीठामागच्या लेण्यांमध्ये सात नंबरच्या लेण्यात अवलोकितेश्वर माणसांना आठ संकटांतून सोडवतो, त्यातलंही एक संकट जहाज बुडण्याचं आहे. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांना किनारा नाही, तरी इथल्या दगडावर जहाजाची गोष्ट दीड हजार वर्षांपासून आहे.

हे आधीच सांगितलं, कारण आपल्याकडची लिहिणारी मुलं पहिल्याच पानावर अडतात. "आम्ही समुद्र कुठं पाहिलाय?" म्हणतात आणि गोष्ट पुण्याच्या वाड्यात नाहीतर कोकणातल्या बंगल्यात नेऊन ठेवतात. मी परभणीत वाढलो, समुद्र पहिल्यांदा पाहिला तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. माझं ठाम मत आहे की जहाजावरचं रहस्य लिहायला आपण चांगल्या जागी बसलोय. जहाजाचं सगळं ज्याला नवीन असतं, त्यालाच तिथलं वेगळेपण दिसतं. आणि रहस्यकथेला दुसरं काय लागतं?

खाली तेरा ते सतरा वयाच्या वाचकांसाठी अशी कादंबरी लिहायची रीत देतोय. उदाहरणासाठी एकच गोष्ट शेवटपर्यंत धरू.

पहिली पायरी: नायिका जहाजावर का आहे, ते पक्कं करा

सुट्टीत मामाबरोबर जहाजावर गेलेली मुलं, ही युक्ती टाळा. मालवाहू जहाजावर असं कुणी सहज जात नाही, आणि आजच्या मुलांना ते लगेच कळतं. त्यापेक्षा तिला तिथं काम द्या. बारावीला भौतिक, रसायन, गणित घेतलेलं मूल प्रवेश परीक्षा देऊन एक वर्षाचा डीएनएस (डिप्लोमा इन नॉटिकल सायन्स) हा अभ्यासक्रम करतं आणि मग १८ महिने जहाजावर डेक कॅडेट म्हणून शिकतं. म्हणजे अठरा-एकोणीस वर्षांची, वाचकाहून थोडीच मोठी, सगळ्यात खालच्या पायरीवरची, सगळ्यांची कामं करणारी आणि म्हणून सगळीकडे फिरायची मुभा असलेली मुलगी. रहस्य शोधायला याहून चांगली नोकरी नाही.

आपली नायिका लातूरची वैष्णवी. पहिलंच जहाज, न्हावा शेवाहून दुबईजवळच्या जेबेल अलीला निघालेलं कंटेनर जहाज. कॅप्टनसह २२ माणसं.

हा २२ आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि खाली बावीस ओळी आखा: हुद्दा, वय, गाव, झोपायची वेळ, कोणाशी पटत नाही. कादंबरीत यातली आठ-नऊच माणसं बोलतील, पण तुम्हाला बावीसही माहीत हवीत. जहाज म्हणजे बंद वाडा. दार उघडून कुणी बाहेर गेला नाही, कुणी आत आला नाही, हे जमिनीवर सिद्ध करायला पानं खर्च होतात. इथं ते फुकट मिळतं.

दुसरी पायरी: गुन्हा छोटा घ्या, पण आपल्या मातीतला घ्या

पहिल्याच कादंबरीत खून नको, असं मी म्हणेन. खून आला की पोलीस, प्रेत, घरचे लोक, सगळ्याचा भार पेलावा लागतो आणि किशोरवयीन नायिका त्याखाली दबते. हरवलेली वस्तू, खोटी नोंद, लपलेला माणूस, यांत पुरेसा थरार आहे.

आपल्याकडे तर विषय पांढरीत पुरलेला आहे. धाराशिव जिल्ह्यातलं तेर म्हणजे जुनं तगर. पैठण आणि तगर या दोन्ही गावांची नावं पहिल्या शतकातल्या ग्रीक व्यापारी पुस्तिकेत आहेत. इथला माल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराला जायचा, तिथून पुढे जहाजानं. इटलीतल्या पाँपेईत १९३८ मध्ये हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. तिच्याशी साम्य असलेल्या मूर्ती तेरला आणि जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला मिळाल्या आहेत. आता कल्पना करा, एखाद्या शेतात विहीर खणताना तशीच बोटभर मूर्ती निघाली आणि ती सरकारकडे न जाता कापसाच्या गाठींत दडवून कंटेनरमधून बाहेर चाललीय. शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, १९७२ चा कायदा आहे. गुन्हा खरा, किंमत मोठी, रक्त नाही. आणि दोन हजार वर्षांपूर्वी जो माल याच वाटेनं गेला, तो पुन्हा चोरवाटेनं चाललाय, हे वैष्णवीला कळतं तेव्हा तिला राग येण्याचं कारण तिचं स्वतःचं असतं.

तिसरी पायरी: तुमच्या नायिकेला काय दिसतं, जे इतरांना दिसत नाही?

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. गुप्तहेराची हुशारी हवेतून येऊ नये, ती त्याच्या गावातून यावी.

वैष्णवी लातूरची. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, तेव्हा ती आठ-नऊ वर्षांची होती. घागर, कळशी, जार, कोणत्या भांड्यात किती आणि ते किती दिवस पुरवायचं, हा हिशेब तिच्या अंगात आहे. जहाजावर वापरायचं पाणी समुद्राच्या पाण्यापासून तयार होतं. इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याची उष्णता घेऊन, हवेचा दाब कमी करून, कमी तापमानालाच पाणी उकळवतात आणि वाफ धरतात. टाक्या टनांत मोजतात. तिथं एका माणसाचं जास्तीचं पिणं कळणार नाही, म्हणून टाकीवर खूण ठेवू नका, जाणकार वाचक हसेल. पण पिण्याचे जार मेसमध्ये ठेवलेत, असं धरा. बावीस माणसांना रोज किती जार लागतात हे वैष्णवी दोन दिवसांत न ठरवता मोजून बसते. तिसऱ्या दिवशी एक जार जास्त रिकामा. चौथ्या दिवशी सकाळी पुन्हा. कुणाच्या लक्षात येत नाही, कारण पाणी मोजायची सवय कुणालाच नाही.

म्हणजे जहाजावर तेविसावा माणूस आहे.

तुमची नायिका हिंगोलीची असेल तर ती हळद वासावरून ओळखेल. जालन्याची असेल तर लोखंडाच्या आवाजावरून, नांदेडची असेल तर गर्दीत चुकलेल्या माणसाच्या चालीवरून. शोधा. सापडेपर्यंत पुढच्या पायरीकडे जाऊ नका.

तिला घरही असू द्या. किनारा सुटला की मोबाइलचं नेटवर्क जातं. बहुतेक जहाजांवर उपग्रहाचं इंटरनेट असतं, पण ते मोजून मिळतं. त्यामुळे फोन दोन दिवसांनी एकदा, तीन मिनिटं. माय विचारणार, "काय करायलीस गं? जेवलीस का?" आणि मग, "तिकडं पाणी येतंय का रोज?" एवढ्या एका प्रश्नात अख्खं लातूर येतं. वर्णनाची दोन पानं लिहायची वाचली.

चौथी पायरी: घड्याळ

जहाजावरच्या रहस्याचा प्राण वेळेत असतो, म्हणून इथं सावकाश जाऊ.

आधी पाळ्या. दिवसाचे चार-चार तासांचे तुकडे असतात. माणूस चार तास ड्यूटी करतो, आठ तास सुटा असतो, पुन्हा चार तास. ब्रिजवर, म्हणजे जिथून जहाज चालवतात तिथं, बारा ते चार सेकंड ऑफिसर, चार ते आठ चीफ ऑफिसर, आठ ते बारा थर्ड ऑफिसर, अशी सर्वसाधारण वाटणी. रात्रीची आणि दिवसाची तीच. नव्या जहाजांवर इंजिन रूममध्ये रात्री कुणीच नसतं, बिघाड झाला तर ड्यूटीवरच्या इंजिनिअरच्या केबिनमध्ये घंटा वाजते. रात्री रिकामी असलेली, प्रचंड आवाजाची, ऊन ऊन जागा! ती वापरल्याशिवाय सोडू नका.

आता अंतर. जहाजाचा वेग नॉटमध्ये सांगतात, एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, १,८५२ मीटर. १४ नॉटनं चालणारं जहाज चोवीस तासांत ३३६ सागरी मैल जातं. न्हावा शेवा ते जेबेल अली अंतर अकराशे-बाराशे मैलांच्या घरात, म्हणजे साडेतीन दिवस लागतात. वर आपण चौथ्या दिवशी सकाळी जार रिकामा दाखवला, तेव्हा बंदर काही तासांवर आलेलं असतं. वैष्णवीकडे वेळ उरलेला नाही. हे गणित आधी केलं नाही तर शेवट ढिला पडतो.

आणि आता खरी गंमत. भारताचं घड्याळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढं, दुबईचं चार तास पुढं. वाटेत जहाजाचं घड्याळ दीड तास मागं करावं लागतं. ते एकदम होत नाही. कॅप्टन ठरवतो, सूचना लागते, आणि रात्री काटे मागं जातात. समजा पहिल्या रात्री अर्धा तास मागं केलं. दुसऱ्या रात्री दोन वाजता एक तास मागं करून एक वाजवला. म्हणजे त्या रात्री जहाजावर एक वाजून दहा मिनिटं दोनदा झाली.

ज्याच्यावर संशय आहे त्याच्याबद्दल भंडारी, म्हणजे जहाजावरचा स्वयंपाकी, शपथेवर सांगतो, "एक दहाला तो माझ्यासमोर मेसमध्ये चहा पीत होता." खोटं बोलत नाही तो. पण कंटेनरपाशी कुणीतरी वाकलंय, असा एक फोटो वैष्णवीच्या मोबाइलमध्ये आहे. मोबाइलला नेटवर्क नाही, त्यामुळे त्यात अजून भारताचीच वेळ आहे, दोन चाळीस. जहाजाच्या वेळेनं ते पहाटेचं एक दहाच. मात्र चहा पहिल्या एक दहाला झाला, तेव्हा मोबाइलमध्ये एक चाळीस वाजले होते. मध्ये पूर्ण एक तास आहे. सबब तिथं तुटते.

हा हिशेब कागदावर तीन रकान्यांत मांडा: जहाजाची वेळ, भारताची वेळ, जागतिक वेळ. एक मिनिटाची चूक राहिली तरी चौदा वर्षांचा वाचक ती पकडतो. पकडलीच पाहिजे, त्याच्यासाठीच लिहितोय आपण.

पाचवी पायरी: खुणा पेरा

चांगली खूण ही आधी साधी माहिती म्हणून येते. वैष्णवी नवीन आहे, म्हणून तिला सगळेजण काही ना काही शिकवत असतात. त्या शिकवण्यातच खुणा लपवा.

जहाजाच्या नोंदवहीत चुकलं तर खोडरबर किंवा पांढरी शाई चालत नाही. चुकीवर एकच रेघ मारायची, खाली वाचता आलं पाहिजे, बाजूला सही. हे तिसऱ्या प्रकरणात कुणीतरी रागावून शिकवतं. नवव्या प्रकरणात खरवडलेला कागद दिसतो. बस्स.

कंटेनरच्या दाराला लोखंडी बोल्टचं सील असतं, त्यावर नंबर. एकदा तोडलं की पुन्हा जोडता येत नाही. कागदावरचा नंबर आणि दारावरचा नंबर जुळत नसेल, तर मध्ये कुणीतरी दार उघडलंय.

जहाजाच्या डाव्या अंगाला लाल दिवा, उजव्या अंगाला हिरवा. रात्री दुसऱ्या जहाजाचा फक्त लाल दिवा दिसला, तर त्याची डावी बाजू आपल्याकडे आहे. साक्षीदार म्हणतो ते जहाज समोरून डावीकडे जात होतं आणि त्याचा हिरवा दिवा दिसला, तर तो बोलतोय त्या दिशेनं ते जहाज जातच नव्हतं.

शिवाय ब्रिजवरचे आवाज, जागा, वेग नोंदवणारी पेटी असते, विमानातल्या ब्लॅक बॉक्ससारखी. ती सगळं सांगून टाकेल, म्हणून गुन्हा ब्रिजपासून लांब घडवा. इतकंच.

सहावी पायरी: बंद जागेची भीती, आणि इथं चूक नको

थरारासाठी कुणालातरी जहाजाच्या तळातल्या बंद कप्प्यात अडकवावंसं वाटणार. जरूर अडकवा, पण खरं काय होतं ते आधी समजून घ्या. लोखंड गंजतं तेव्हा हवेतला ऑक्सिजन खातं. नांगराची साखळी ठेवायची कोठी, रिकामी टाकी, महिनोन्‌महिने बंद राहिलेला कप्पा, यांत हवा दिसायला नेहमीसारखी, वास नाही, पण ऑक्सिजन २०.९ टक्क्यांच्या फार खाली गेलेला असू शकतो. माणूस दोन-चार श्वासांत कोसळतो. त्याला काढायला धावत खाली उतरलेला दुसराही कोसळतो. जगभरच्या जहाजांवर असे मृत्यू होत आले आहेत. म्हणून आत जाण्याआधी हवा खेळवायची, यंत्रानं मोजायची, लेखी परवानगी घ्यायची, बाहेर एक माणूस उभा ठेवायचा, हा नियम.

आपल्याला हे परकं नाही. जुन्या गावांत ज्वारी साठवायला जमिनीखाली खणलेली पेवं असत. पेव उघडल्यावर लगेच कुणी आत उतरत नसे. तोंड उघडं ठेवून वाट पाहायची, कंदील खाली सोडायचा, विझला तर थांबायचं. बंद विहिरीत उतरलेल्यांच्या बातम्याही आपण वाचतो, एकामागून एक उतरलेले भाऊ-भाऊ. वैष्णवीच्या आजोबांनी तिला पेवाची गोष्ट सांगितलेली असू द्या. सगळे त्या कोठीकडे धावत असताना ती दारात आडवी उभी राहते, "कुणी उतरू नका," म्हणते. अठरा वर्षांची पोर, समोर पन्नाशीचा सारंग, खलाशांचा मुकादम. कादंबरीतला सगळ्यात धीट क्षण तो, आणि त्यात मारामारी नाही.

मुलं हे वाचणार आहेत. दम धरून नायक आत उडी मारतो आणि मित्राला खांद्यावर घेऊन बाहेर येतो, असं कृपा करून लिहू नका. उद्या एखादं मूल विहिरीपाशी तेच करील.

सातवी पायरी: बोलणं

भारतीय खलाशांची स्वतःची भाषा आहे आणि ती फार गोड आहे. चीफ इंजिनिअर म्हणजे बडा साब. त्याच्या खालचे दो साब, तीन साब, चार साब. विजेचं बघणारा बत्ती साब. स्वयंपाकी भंडारी, डेकवरच्या खलाशांचा मुकादम सारंग, चाक धरणारा सुकाणी. सगळ्यांशी हिंदी, त्यात इंग्रजी हुकूम मिसळलेले. वैष्णवी मनातल्या मनात मात्र मराठीत विचार करते, आणि तोही लातूरच्या मराठीत. निवेदन प्रमाण मराठीत ठेवा, तिचे फोन आणि स्वगत बोलीत. बोली थोडीच, पण खरी. "लई भारी" प्रत्येक ओळीत टाकलं की बोली होत नाही.

जहाजाचे शब्द समजावून सांगायला तळटीप नको. "गँगवे" शब्द आला की वैष्णवीला त्यावरून चढू द्या, पायाखाली हलू द्या. समजतं.

आठवी पायरी: कायदा एका परिच्छेदात आटपा

किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे साधारण २२ किलोमीटरपर्यंत त्या देशाची हद्द. पुढं खुल्या समुद्रात जहाजावर ज्या देशाचा झेंडा, त्याचा कायदा. जहाजावर पोलीस नसतात, चौकशी कॅप्टन करतो. कॅडेटच्या कुतूहलाला म्हणूनच जागा उरते. फक्त शेवटी तिनं गुन्हेगाराला स्वतः पकडून बांधू नये. तिनं पुरावा मांडावा, कॅप्टननं बंदराला कळवावं.

नववी पायरी: पाहून या

पावसाळा बरा झाला असेल त्या वर्षी संध्याकाळी पैठणला नाथसागराच्या काठी उभे राहा. समोरचा काठ दिसत नाही. वारा सुटला की पाणी कसं रंग बदलतं, आवाज किती लांबून येतो, ते वहीत उतरवा. मग देवगिरी किंवा नंदीग्राम एक्स्प्रेस पकडून मुंबई. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला २०२० पासून रो-रो बोट जाते, तासाभराचा प्रवास. वर फोटो काढत बसू नका. खाली, गाड्या ठेवतात तिथून जाता-येता उभे राहा. पायाच्या तळव्याला इंजिनची थरथर, डिझेल आणि खाऱ्या पाण्याचा मिसळलेला वास, दाराचा उंच उंबरठा, जिना चढताना हात आपोआप कठड्याकडे जाणं. हे सगळं मोठ्या जहाजावरही असतं.

तुमच्या तालुक्यात मर्चंट नेव्हीत गेलेला एखादा तरी असेलच. सुट्टीवर आला की भेटा. "काय थरारक अनुभव आले?" असं विचारलंत तर ठरावीक गोष्टी ऐकवील. "पहाटे चारच्या पाळीआधी काय खायचास? कपडे कुठं वाळत घालायचास? कुणाशी भांडलास?" असं विचारा. दोन तासांत अख्खं जहाज हाती येतं.

दहावी पायरी: लिहायला बसा

शेवट आधी लिहा. मूर्ती कुठं होती, तेविसावा माणूस कोण, त्याला आत कुणी घेतलं. आमच्या गोष्टीत तो चोर नाही. ज्या शेतात मूर्ती निघाली त्या शेतकऱ्याचा तो मुलगा आहे, फसवला गेलेला, ती परत आणायला कंटेनरमागं आलेला. तुमच्या गोष्टीत वेगळं असू द्या. मात्र तो कळल्यावर वाचकाचा तर्क बदलला पाहिजे, नुसता आकडा नव्हे.

मग मागं येत येत खुणा पेरा. प्रकरणं पंधराशे शब्दांच्या आसपास, एकूण पंचवीस-तीस. दर प्रकरणात एक नवी गोष्ट कळावी आणि एक जुनी डळमळावी. रोज एक पान लिहिलंत तरी वर्षात होतं. युनिकोडमध्ये टंकलिखित करा, पुढं प्रकाशकाकडे पाठवायला सोपं जातं.

पहिला खर्डा झाला की जवळच्या शाळेतली आठवी-नववीची पाच मुलं जमवा. दर शनिवारी दोन प्रकरणं मोठ्यानं वाचून दाखवा. वाचन संपलं की प्रत्येकाला एक चिठ्ठी द्या, आज कुणावर संशय आहे ते नाव लिहायचं, एकमेकांना दाखवायचं नाही. चिठ्ठ्या तारखेनिशी जपून ठेवा. पाचव्या शनिवारीच पाचही चिठ्ठ्यांवर एकच नाव आलं आणि ते बरोबर असलं, तर चौथ्या पायरीच्या तीन रकान्यांपासून पुन्हा सुरुवात करा. शेवटच्या शनिवारपर्यंत नाव कुणीच लिहिलं नाही, तर खुणा कमी पडल्यात, पाचव्या पायरीवर या.